चुलीवरची मावशी

धरणाकडंला नवं रिसॉर्ट झालंय, तितं मी भाकऱ्या थापते. आत गॅस हाय, पण गिऱ्हाईकांना चूल बघायला आवडती, म्हणून मला बाहीर धुरात बसवलंय. पुण्याची लोकं फोटू काढत्यात. दोन महिनं झालं, माझ्या पोराला, निलेशला, ह्यातलं काय ठावं न्हाई. सांगणार कवा? त्याचा फोन म्हंजी, "आई, बरी हायेस ना? मीटिंग हाय, ठेवतो." झालं. हिंजवडी काय लंकेत हाय व्हय? पण दिवाळीपास्नं घराचं तोंड बघितलं न्हाई त्यानं.

आमचं म्हातारं शिमग्याला पडलं, खुबा मोडला, तवापास्नं खाटंवर हाय. सारखं पोराची वाट बघतंय. परवा शनवारी सकाळी मीच फोन लावला. म्हणलं, "दहा मिनटं ये, बापाला तोंड दाव." तर म्हणला, "आई, आज कामावर हाय गं. जीव काढत्यात हितं."

आन् दुपारी रिसॉर्टवर कंपनीची बस आली. तीस-चाळीस पोरंपोरी, समद्यांचे सारखेच निळे शर्ट. त्यात आमचा निल्या! आधी वाटलं, धुरानं माझंच डोळं गेलं. मग तो हासला आन् खात्री पटली.

माझ्याकडं पाठ करून बसला. जेवता जेवता, मागं न बघताच वरडला, "मावशी, अजून एक गरम भाकरी द्या ना!"

हितं येणारं समदंच मला मावशी म्हणतंय, त्याचं काय न्हाई. भाकरी नेली, ताटात घातली, म्हणलं, "घ्या साहेब."

आवाजासरशी त्यानं मान वर केली. घास तोंडातच ऱ्हायला. शेजारची पोरगी म्हणली, "मावशी, काय चव आहे हो तुमच्या हाताला!" मी तिथंच उभी. आता सांगंल, ही माझी आई हाय. त्यानं ताटात बघितलं आन् म्हणला, "थँक्यू मावशी."

पयल्यांदा चुकून म्हणला, ते मी सोडून दिलं असतं. दुसऱ्यांदा वळखून म्हणला.

मागनं हात धुवायच्या निमतानं चुलीपाशी आला. हळूच म्हणला, "आई, हितं कशाला काम करतीस? लोकं काय म्हणतील?"

"माझं ऱ्हाऊ दे. खाली दिसतंय ते घर तुझंच हाय. बापाला भेटून ये."

"बस सुटंल गं. पुढच्या रविवारी नक्की."

"जळो तुझा रविवार!" म्हणलं. तो गेला. तीन तास व्हता हितं. दिवाळीला बी घरी एवढा टेकला नव्हता.

सांजच्याला घरी आले, तर म्हातारं खाटंवर उठून बसलेलं. "पोराला शनवारी बी राबवत्यात गं. येळंवर जेवला तरी असंल का?"

"जेवला," म्हणलं. "चार भाकरी खाल्ल्या."

"तुला काय ठावं?"

"मीच वाढल्या. रिसॉर्टवर आलता, दोस्तांसंगं."

म्हातारं परत खाटंवर आडवं झालं. मग म्हणलं, "पोट भरून जेवला ना?"

मला त्या टायमाला पोरापरीस म्हाताऱ्याचाच राग जास्त आला.