खुंटीवरचे दिवस

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. बुडाला भोक पडले म्हणून मला पाहून नाक मुरडू नका. डोंगरी गावात माझ्याइतके पाणी विहिरीनेही पाहिले नसेल! भाईंदरच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून-जोडून घडवले आणि १९८९ साली सेसिलने हौसेने घरी आणले.

तिच्या अंगणात एकच मोगरा होता. तो तिला आईने माहेरून दिला होता, आणि आई नुकतीच वारली होती. मे महिन्यात मारियामातेच्या वेदीवर याच मोगऱ्याचा हार आईच्या नावाने वाहायचा, हा सेसिलचा ध्यास. सकाळ-संध्याकाळ ती मला भरभरून ओती. मोगरा पानांनी फुगला, पण कळीचे नाव नाही. मे महिना कोरडाच गेला.

थंडी पडली तशी सासूने, मोनीबायने, मला तिच्या हातून घेतले आणि खुंटीला टांगले.

"आता पानी बंद."

"आई, झाड मरंल!"

"मरत न्हाय. वर पानी हाय तवर मुळं खाली जात न्हाय. लागू दे जरा तहान."

सेसिल रडू लागली. "माझी प्रार्थनापन सुकलीय, आई. रोझरीची माळ हातात घेतली का शब्दच येत न्हाय. देवानं सोडलं काय मला?"

"सोडलं न्हाय. तू रोज इथं येऊन बस. शब्द नसलं तरी बस."

पाने गळाली. माझा जीव तुटत होता, तरी ज्या हाताने टांगले तो हात मला काढणार, ही माझी खात्री होती. सेसिल रोज संध्याकाळी त्या काटक्यांपाशी मुकी बसे. मोनीबायने छाटणी केली तेव्हा तर तिने डोळेच मिटून घेतले. मग माती उकरून शेणखत पडले आणि सासूने मला सुनेच्या हाती दिले. "आता दे."

मे महिन्यात परडी भरून कळ्या निघाल्या. वेदीवर हार ठेवताना सेसिलच्या तोंडून आईचे नाव आले आणि मागोमाग अडलेली प्रार्थनाही.

आता अंगणात प्लॅस्टिकचा पाइप आहे. मोनीबाय गेली. पण सेसिल मला भंगारात देत नाही आणि थंडीत मोगऱ्यापाशी बसायचे चुकवत नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या झारीचे भोक बुजवा, तिला गंजू देऊ नका. आणि कधी तुमचे झाड काटकी झाले, प्रार्थना आटली, तर उठून जाऊ नका. बसून राहा. मुळे खाली चालली आहेत.