ओएगेच्या कालव्याची नोंद

हिल्कचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीने, फ्राउक्येने, नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या आपल्या गावच्या, पायथनमध्ये लिहिलेल्या वेबसाइटला टोकन बसवलं. कालव्यांची पाणीपातळी तिथे रोज लिहिली जाई. आता लॉगिन केल्यावर मिळणाऱ्या टोकनवर, म्हणजे डिजिटल परवान्यावर, ज्याला त्याला फक्त आपल्याच कालव्याची नोंद लिहिता येई.

दुसऱ्या दिवशी बाबा दारात उभे.

"तुझी साइट मला ओएगेचा आकडा दुरुस्त करू देत नाही." ओएगे हा बाबांचा जुना दोस्त; शेजारच्या कालव्याची नोंद तो लिहीत असे.

"ओएगेकाकांच्या नोंदीला तुम्ही कशाला हात लावता?"

"तीन वर्षं लावतोय. त्याला नीट दिसत नाही. तिनाचे आठ करतो गाढव. जाता-येता मीच पाण्याची मोजपट्टी बघतो."

 त्याच आकड्यांवर कालव्यांचं पाणी उपसणारे पंप चालत. बाबांच्या टोकनला तो कालवा जोडणं कोडच्या दोन ओळींचं काम होतं.

"काकांना माहीत आहे?"

"वेडी का तू? मनाला लावून घेईल."

"मग आधी त्यांना सांगा. ते हो म्हणाले, तरच जोडते."

बाबा सायकल काढून गेले. संध्याकाळी ओएगेचाच फोन आला.

"जोड, पोरी. पण तुझ्या म्हाताऱ्याला सांग, आकडा आधी मला मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच लिहायचा."

त्यानंतर बाबा रोज सकाळी त्याच्याकडे जाऊ लागले.

ओएगे पुढच्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरला वारला. त्या दिवशीही बाबांनी त्याच्या कालव्याचा आकडा आधी मोठ्याने वाचला, मगच लिहिला.