बाबा चकतीत बोलले

ताई तिकीट लावून गायला लागली, त्या दिवशी बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात हट्ट ही वडिलोपार्जित इस्टेट. तीही पुन्हा आमचा उंबरा चढली नाही. मधल्यामधे फरफट माझी.

मग बाबांनी अंथरूण धरलं. त्याच सुमारास शहरात रेडिओ केंद्र निघालं आणि तिथे ताईचं गाणं ठरलं. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. स्फटिकाचा खडा, तारेची गुंडाळी आणि जुन्या टेलिफोनची कानाला लावायची चकती जमवून रेडिओ ऐकायचं एक यंत्र उभं केलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी बाबांना न विचारताच चकती त्यांच्या कानाला लावली.

वाटलं, भिरकावतील. ते ऐकत राहिले. गाणं संपलं तशी त्यांनी चकती तोंडापाशी नेली आणि कचेरीत टेलिफोनवर बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "बाळ, चुकलं माझं. घरी ये."

या यंत्रातून उलट काहीच जात नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. सायकल काढली आणि केंद्र गाठलं.

ताई जिना उतरत होती. सगळं ऐकून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच फणकारली, "डबड्याला म्हणाले ना? मला म्हणू देत, तोंडावर."

"तोंडावर म्हणणारा माणूस आहे का तो? आणि तू तरी काय कमी आहेस? चल मुकाट्याने."

आली. उशाशी बसून वाट बघू लागली. बाबांनी तिचा हात हातात घेतला. "जेवलीस का?" विचारलं. "वाळलीस गं," म्हणाले. चुकलं म्हणायचं नाव नाही. त्यांच्या लेखी ते बोलून झालं होतं. ताईचं तोंड उतरत चाललं. पुन्हा एकदा म्हणा असं सांगावं, तर बाबांना कळणार की त्यांचे शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

तेवढ्यात तेच म्हणाले, "मघाशी माझा आवाज फार बारीक येत होता का गं? नीट ऐकू गेलं ना तुला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"ऐकू आलं, बाबा. अगदी स्पष्ट."

"मग झालं तर," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. हात गार पडला तरी ताईने तो सोडला नाही.