सपाट तळाचा बत्ता

मी एक दट्ट्या बोलतोय. कॉफी दाबायचा दट्ट्या. आज हे छातीठोकपणे सांगतो, पण बरीच वर्षं मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की मी कोण. तुम्हा माणसांचं बरं असतं, बारा दिवसांत नाव तरी मिळतं.

माझं रूप आधी सांगतो. वर लाकडी मूठ, खाली जाड धातूची चकती आणि तळ अगदी सपाट. इटलीतल्या एका कारखान्यात लेथवर माझा जन्म झाला. तिथल्या कामगाराने माझ्या तळावरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि मला कॉफीच्या एका छोट्या मशीनबरोबर खोक्यात घातलं. जिनोआ बंदरातल्या दुकानात आम्ही कितीतरी वर्षं पडून होतो. खोकं भिजलं, फाटलं, माहितीचा कागद गेला. मशीनच्या अंगावर निदान कंपनीचं नाव होतं. माझ्या अंगावर काहीच नव्हतं.

१९८३ साली नजीबने आम्हाला विकत घेतलं. नजीब रायगडच्या किनाऱ्यावरचा, बोटीवर इंजिनखात्यात काम करणारा. बोटीचा इटालियन आचारी त्याला रोज सकाळी खिडकीतून एक एवढासा कप द्यायचा. काळी, दाट कॉफी, वर तपकिरी फेस. असे कप नजीब चौदा वर्षं प्यायला, पण खिडकीपलीकडे ती कॉफी कशी होते, हे त्याने एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. समोर आयतं आलं की चौकशी करायची नाही, ही माणसांची सवय मला अजून कळलेली नाही.

त्याच सफरीत इंजिनाच्या पट्ट्यात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीने त्याला कायमचं घरी पाठवलं. वाशीला सिडकोच्या तळमजल्यावरच्या खोलीत त्याची ट्रंक उतरली. मशीन टॉवेलात गुंडाळलेली होती आणि मी साबणाच्या वड्यांमध्ये एका मोज्यात होतो. त्याच्या बायकोने, सलिमाने, मला बाहेर काढलं.

"हे काय आणलं तुमी?"

नजीब भिंतीकडे तोंड करून पडला होता. "असेल कायतरी. ठेव तिकडे."

झालं. माझी ओळख तिथेच आटोपली. मी आठवडाभर खिडकीत बसून बाहेरच्या बायकांची नळावरची भांडणं ऐकत राहिलो.

मग दुर्गाबाई आली. कोपरखैरणे गावची, साठीची, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी. दारात बसून ती पान कुटायची. दात थोडेच राहिले होते आणि तिच्या लोखंडी खलाचा बत्ता खाडीत पडला होता, म्हणून दगडाने कुटत होती. तिची नजर माझ्यावर गेली.

"बाय, यो बत्ता बेस हाय गो. तुझ्या कामाचा हाय का?"

"कशाचा आहे तेच ठाऊक नाही, मावशी. न्या तुमी," सलिमा म्हणाली.

अशा रीतीने मी बत्ता झालो. दुर्गाबाईच्या कमरेच्या चंचीत चुना, सुपारी, कात आणि मी. माझा तळ सपाट, त्यामुळे सुपारी खालून निसटायची आणि दुर्गाबाई मला चार शब्द सुनवायची. मी मनात म्हणायचो, बाई, मी बत्ता नसेनही. 

चंचीतून मला जग ऐकू यायचं. दुर्गाबाई रोज सलिमाच्या दारात टेकायची, त्यामुळे नजीबच्या घरची हालहवाल मला अगदी जवळून कळायची. पंधरा दिवसांनी तो उठला आणि मशीनच्या मागे लागला. प्लगची पिन बदलली, पाणी तापवलं, दांडीची, तळाला बारीक भोकं असलेली छोटी वाटी कॉफीने भरली, चमच्याने वरून सारखी केली आणि खटका ओढला. कॉफी पडायला लागली की तो बोटीवरच्या सवयीने मोठ्याने मोजायचा. "वन, टू, थ्री..." सातला कप भरून जायचा. भसकन येणारी, पिवळट, पातळ कॉफी.

"चहाच्या गाळण्यातलं दुसरं पाणी," तो म्हणायचा आणि मोरीत ओतायचा.

त्याने काय काय केलं म्हणून सांगू. मशीनचा वॉशर बदलला. माटुंग्याहून बिनचिकोरीची पूड आणली. तरी सात. पूड जाड असेल म्हणून कॉफीच्या बिया आणून पिठाच्या गिरणीत दळून आणल्या. त्याच्यामागे नंबर होता शेजारच्या विमलबाईंच्या ज्वारीचा. त्या दिवशी विमलबाईंच्या घरी काळ्या भाकऱ्या झाल्या आणि त्यांनी त्यातली एक आणून सलिमाला दाखवली. दुर्गाबाई इतकी हसली की चंचीत मी सुपारीवर आपटलो. एवढं करूनही कॉफी वाटीतून एका बाजूने वाट काढून धो धो खाली आली. नऊ.

मला नवल वाटायचं. पाण्याला एवढी घाई का, हा प्रश्न तो मशीनला विचारत होता. पुडीला कुणी विचारत नव्हतं.

मग एका बुधवारी विमलबाईंचा नवरा गंगाराम आला. तो तुर्भ्याच्या कारखान्यात होता.

"नजीबभाई, आमच्याकडे मेन्टेनन्सला फिटर पाहिजे. मी नाव टाकलंय तुझं. साहेब शनिवारपर्यंतच माणसं बघणार. समोर पंप ठेवतील, खोलून जोडायचा, बस."

नजीबने मशीनकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "गंगारामभाऊ, एवढीशी मशीन माझं ऐकत नाही. हात गेला माझा. पंप काय ऐकणार?"

"अरे, कॉफीचा आणि पंपाचा काय संबंध?"

"माझ्यासाठी आहे. ही चालली तर येतो. नाहीतर नाही."

गंगाराम गेला. सलिमा दारात आली आणि दुर्गाबाईजवळ बसून मुकाट रडली. नोकरी हुकण्यापेक्षा तिला त्या वाक्याची भीती वाटत होती. हात गेला, असं तो रोज थोडं थोडं म्हणत होता आणि रोज थोडं जास्त खरं मानत होता.

शुक्रवार उजाडला. नजीबचे पाच कप मोरीत गेले होते. सहावी वाटी त्याने चमच्याने सारखी केली. दुर्गाबाई दारातून बघत होती.

"पोरा, हे ढिलं हाय."

"काय ढिलं, मावशी?"

"कापी. आमी मिठागराचा तळ पायांनी तुडवाचो. लाकडानं धोपटाचो. नाय तुडवला तं पानी भोकं धरून पलून जातं, मीठ धरत नाय. तू तं नुसतं पसरतंस. दाब त्याला."

"चमच्यानं कसं दाबू? त्याला सपाट तळ कुठंय?"

दुर्गाबाईने चंचीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि पदराला पुसलं. सलिमाने मला तिच्या हातातून घेऊन साबणाने दोनदा धुतलं, हे बरं केलं. मग नजीबने मला वाटीवर धरलं आणि मी आत उतरलो.

काय सांगू तुम्हाला! कडा कडेला लागली. कुठे फट नाही, कुठे घासणं नाही. एवढे दिवस लोखंडी खलात डुगडुगणारा मी त्या वाटीत असा बसलो, की मला माझं नाव कुणी न सांगता कळलं. आनंदाने मी थरथरलो असतो, पण वरून नजीबचा हात होता.

तो हात मला नीट आठवतो. तीन बोटांचा. पण माझी मूठ बोटांत धरायची नसतेच, तळव्यात घ्यायची असते आणि खांद्यातून जोर द्यायचा असतो. नजीबलाही ते त्याच क्षणी उमगलं असावं, कारण तो दाबता दाबता थांबला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला.

"सलिमा, हे कुठनं आलं?"

"तुमीच आणलं. ट्रंकेत होतं."

त्याने खटका ओढला. पूड माटुंग्याची, जाड. "...थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन." कॉफी पंधराला थांबली. मग त्याने गिरणीतली बारीक पूड भरून मला दाबलं. थेंब पडेना. नजीब हसला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला, असं सलिमा नंतर म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही पुडी अर्ध्या अर्ध्या मिसळल्या, तळवा माझ्यावर ठेवला आणि दाबलं.

या वेळी कॉफी उंदराच्या शेपटीसारखी बारीक उतरली. काळी, मग तपकिरी. मोजताना त्याचा आवाज हळू होत गेला. सव्वीसला तो थांबला. पहिला घोट त्याने दुर्गाबाईला दिला.

"कडू जहर हाय," ती म्हणाली. "साखर टाक."

शनिवारी नजीब तुर्भ्याला गेला.

आता तुम्हाला वाटेल, मी मशीनजवळ राहिलो असेन. मलाही तसंच वाटलं होतं. पण नजीबने मला पुसून दुर्गाबाईच्या हातात ठेवलं. सलिमाने एकदा दिलेली वस्तू परत मागायची नाही, असं त्या घरात होतं. दुर्गाबाईने मला दोनदा पुढे केलं, त्यांनी दोनदा नाही म्हटलं आणि मला मात्र कुणीच विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. महिन्याभराने नजीबने कारखान्यातल्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, भंगाराच्या तुकड्यातून नवा दट्ट्या केला. माझ्यासारखाच, फक्त मूठ जरा रुंद, त्याच्या तळव्याच्या मापाची.

आज १९८९ साल आहे. माझी कड झिजली आहे, तळ चुन्याने आणि काताने लाल झाला आहे. त्या वाटीत आता मी बसणारही नाही. आयुष्यात तीनदाच मी माझं काम केलं, तेही एकाच सकाळी. बाकी सगळी सुपारी.

तुमच्या घरी एखादी वस्तू निघाली आणि ती कशाची हे कळेना, तर एवढंच करा. ती टाकायच्या आधी घरातल्या कुणाचं काय अडलंय ते बघा.

दुर्गाबाई अजून त्या दारात टेकते. रविवारी नजीब घरी असतो. चंचीच्या कापडाआडून मला खटक्याचा आवाज येतो आणि मग त्याचं मोजणं सुरू होतं. मीही त्याच्याबरोबर मोजतो. सात येतं, मी श्वास धरतो. सात जातं. परवा तो सत्तावीसपर्यंत गेला.