नवव्या इमारतीचं भाकीत

गुरुवारी बरोबर तीन वाजता ग्रंथालयातलं इंटरनेट गेलं आणि विद्यापीठाच्या उपाहारगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथे बसून भविष्य सांगणाऱ्या लहरीबाबांनी दोन दिवस आधीच कीबोर्डवर तळहात ठेवून सांगितलं होतं, "गुरुवार! तीनचा ठोका! पुस्तकांच्या घरावर काळी लहर!"

प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी, सगळे बाबांभोवती गोळा झाले. बाबा डोळे मिटून म्हणाले, "बाळांनो, सर्व्हर आमच्या स्वप्नात येऊन रडतो." सर्व्हरला डोळे कुठून आले, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

गर्दीच्या मागे तक्तेबाई उभ्या होत्या. विद्यापीठाच्या संगणकसेवांचं नियोजन त्यांच्याकडे होतं. सदा तक्ते आखत बसायच्या, म्हणून हे नाव पडलं. परीक्षांचे निकाल साठवणारं यंत्र बारा वर्षांचं झालं होतं. त्याच्या चार डिस्कपैकी दोन गेल्या होत्या, आणि नक्कल काढायला जावं तर अर्ध्यात अडकत होती. आणखी एक डिस्क गेली की हजारो मुलांचे निकाल गेले. म्हणून येत्या आठवड्यातल्या शनिवारी यंत्र बदलायचं ठरलं होतं.

"शनिवार वर्ज्य!" बाबा गरजले. "जुन्या यंत्राला हात लावाल तर कोप होईल!"

कुलसचिवांनी मान डोलावली. "मंगळवारच्या बैठकीत सहा महिने पुढे ढकलून टाकू."

"साहेब, ते यंत्र सहा महिने टिकायचं नाही!"

"बाई, बाबा आजवर एकदाही चुकलेले नाहीत."

तक्तेबाई घरी आल्या त्या धुसफुसतच. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. उभा जन्म गणित शिकवण्यात गेलेला, त्यामुळे "एकदाही" हा शब्द त्यांना खटकला.

"एकदाही नाही? नीट आठव गं."

"एकदा म्हणाले, बुधवारी वसतिगृहाचं इंटरनेट बंद पडणार. पडलं नाही. तर म्हणे, मी संकट परतवलं! लोक आणखीच नादी लागले."

"पण पडणार होतं का ते?"

तक्तेबाईंनी सोलायला घेतलेली शेंग हातातच राहिली. पडणार होतं! दुरुस्तीसाठी इंटरनेट बंद राहील, अशी सूचना त्यांनीच सगळ्यांना ईमेलने पाठवली होती. ऐनवेळी काम रद्द झालं, ते मात्र फक्त वसतिगृहाला फोनवर कळवलं होतं. ग्रंथालयाचा गुरुवारही त्यांच्याच सूचनेतला.

"आई, हा माणूस माझ्याच सूचना वाचून भविष्य सांगतोय!"

"मग बाकीचे काय वाचतात?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ईमेलची यादी काढली. दोनशे बारा पत्ते. त्यात प्रिंटरची शाई पुरवणारा एक जुना विक्रेता होता. कंत्राट संपून चार वर्षं झाली, पण त्याचा पत्ता काढायचं कोणी मनावर घेतलं नव्हतं. हेच ते बाबा, पूर्वाश्रमीचे. सोमवारी बाईंनी नवी सूचना धाडली: मंगळवार, साडेअकरा, इमारत क्रमांक नऊ, इंटरनेट बंद.

मंगळवारी बैठकीत कुलसचिवांनी मुद्दाम बोलावलेल्या बाबांनी डोळे मिटले. "नऊ... नववं घर... साडेअकराला लहर बुडणार!"

कुलसचिवांना घाम फुटला. "अरे, नऊ नंबरला कोणीतरी फोन लावा!"

पाण्याचे पेले ठेवणारे शिपाईमामा थबकले. "साहेब, नऊ नंबर बांधलीच कुठे? आठनंतर एकदम दहा. मधे आपण सायकली लावतो."

"ती... ती सूक्ष्म इमारत आहे," बाबा म्हणाले. खोलीत एकच हशा पिकला.

बाईंनी पडद्यावर आपली सूचना दाखवली, यादी दाखवली, आणि सगळ्यांदेखत बाबांचा पत्ता पुसला. "आता सांगा पुढचं भविष्य."

"आज लहर मंद आहे," असं पुटपुटत बाबांनी काढता पाय घेतला.

कुलसचिव पोट धरून हसत होते. बाई म्हणाल्या, "साहेब, यादीत पहिला पत्ता तुमचा आहे. ही नऊ नंबर कुठली, असं दोनशे बाराजणांपैकी एकानंही मला विचारलं नाही."

हसू जागच्या जागी विरलं. कुलसचिवांनी मुकाट्यानं शनिवारच्या कामावर सही केली. यंत्र बदललं, एकूणएक निकाल शाबूत राहिला आणि कोप काही झाला नाही.

तेव्हा मंडळी, उद्याचं कळतं असं कोणी सांगू लागला, तर हात जोडण्याआधी त्याला विचारा, "तुम्हाला हे कळलं कुठून?" आणि ते विचारण्याआधी स्वतःचं टपाल उघडून बघा.