तिसरा भाग पाहू नका

मुलचेऱ्याच्या बाजारपेठेत दिनेशच्या दुकानावर पाटी होती मोबाईल दुरुस्तीची, पण लोक यायचे ते कार्ड भरून घ्यायला. आजूबाजूच्या जंगलगावांत टॉवर नव्हता, आणि जिथे होता तिथे तो नुसता उभा राहायचा पगार घेत होता. त्यामुळे बाजाराच्या दिवशी मिरची, मीठ, चपला घेऊन झाल्या की माणसं खिशातून मेमरी कार्ड काढायची आणि म्हणायची, "भाऊ, काही चांगलं भरून द्या." चांगलं म्हणजे काय, ते दिनेशनं ठरवायचं. कुणाला रडायला लागतं, कुणाला मारामारी, कुणाच्या सासूला सुनेचं कौतुक दाखवलेलं खपत नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

त्याचा एक नियम होता. स्वतः शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय तो एकही मालिका कुणाच्या कार्डात टाकत नसे. आणि तो कशालाही वाईट म्हणत नसे. अगदीच पाणचट असली तर म्हणायचा, "जेवता जेवता पाहा." गिऱ्हाईक काय ते समजून जायचं. सगळा तालुका त्याच्या शब्दावर मालिका बघायचा, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

दिवाळीनंतर वाघांवरची सहा भागांची एक हिंदी मालिका आली. शेजारच्या कपड्याच्या दुकानातला नूर मोहम्मद सकाळीच चहाचा कप घेऊन येऊन बसला.

"दिनेशभाऊ, तिसरा भाग पाह्यला का? आपल्याच जंगलातला आहे! एक माणूस झाडाले टेकून मोबाईल पाहून राह्यला, कानात वायर, अन् मागून वाघीण चालली. खरा फोटो, भाई! त्याले पत्ताच नाई. आमच्या घरी सगळे हसून हसून बेजार."

दिनेशनं शटर अर्धं ओढलं आणि तिसरा भाग लावला. जंगलखात्यानं झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचा फोटो होता. चेहरा पुसट केलेला होता. खाली तारीख होती आणि वेळ होती, सहा वाजून बारा मिनिटं. निवेदक भारदस्त आवाजात सांगत होता की यानंतर थोड्याच वेळात या वाघिणीनं मोहाची फुलं वेचणाऱ्या एका तरुणाला मारलं. चेहरा पुसट असला तरी माणसाला स्वतःचे गुडघे ओळखू येतात. फोटोतला माणूस तो स्वतः होता.

आणि मारला गेलेला तो तरुण म्हणजे सुकलू, दिनेशच्या बायकोचा, रंजीताचा धाकटा भाऊ.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहाच्या दिवसांत दिनेश दरवर्षी चार दिवस सासुरवाडीला मदतीला जायचा. त्या साली वाघिणीचा वावर होता, म्हणून गावानं ठरवलं होतं की रानात जोडीनं जायचं. आपापल्या झाडाखाली वेचताना एकानं थोड्या थोड्या वेळानं 'कूऽऽ' करायचं, दुसऱ्यानं लगेच 'कूऽऽ' करायचं. उत्तर आलं नाही, तर टोपली टाकून जोडीदाराकडे धावायचं. दिनेशची जोडी सुकलूशी होती. दिनेशच्या मोबाईलमध्ये एका मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता; दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि गिऱ्हाइकं विचारणार होती. नियम म्हणजे नियम! सुकलूची हाक त्याला कानातल्या संगीताच्या पलीकडून ऐकू आली होती. अगदी पुसट, पण आली होती. एवढा सीन संपू दे, मग देतो आवाज, असं त्याच्या मनात आलं. सीन मोठा निघाला.

सुकलू सापडला तो त्याच्या झाडापासून लांब, गावातल्याच दादाजींच्या मोहाच्या झाडाखाली. त्या गावात प्रत्येक मोहाला घर ठरलेलं असतं, आजोबापणजोबांपासून. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या हंड्यात हात घालणं. लोकांनी विचारलं, तो तिकडे काऊन गेला? दिनेश म्हणाला, "मी हाक देऊन राह्यलो होतो, त्यानं आवाजच नाई दिला. धावलो, तं तो आपल्या झाडाखाली नोता." एवढंच. पुढचं लोकांनी आपलं आपण जोडलं. सुकलू दादाजीच्या मोहावर गेला होता, गुपचूप, म्हणून ओ दिली नाही. दिनेशनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दोन वर्षं रंजीताची आई पाण्यावर गेली की मान खाली घालून जायची. वाघानं नेलेल्या पोराची माय म्हणून लोक हळहळले असते, पण चोराच्या मायेसाठी कोण हळहळतं?

आणि आता हा फोटो बाजारपेठेत फिरत होता. तरी कुणी ओळखलं नव्हतं. लोक नुसते हसत होते. दिनेशनं गप्प बसायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं!

त्या बाजारी पहिल्याच गिऱ्हाइकानं वाघांची मालिका मागितली, तेव्हा तो फटकन म्हणाला, "बेकार आहे. सगळं बनवेल आहे. पैसे देऊन माणूस बसवला अन् फोटो काढला."

"सहाही भाग बेकार?"

"दुसरे ठीक आहेत. तिसरा पाहू नका."

आता याहून मोठी जाहिरात कुणी केली नसती. ज्या माणसानं आजवर शेणालाही शेण म्हटलं नव्हतं, त्यानं तिसऱ्या भागाला बेकार म्हटलं, म्हणजे त्यात काहीतरी असलंच पाहिजे. लोक नूर मोहम्मदाकडून ती मालिका ब्लूटूथनं घेऊ लागले. कुणी म्हणालं, वाघीण नकली आहे म्हणून भाऊ चिडले. कुणी म्हणालं, त्यात काही अश्लील असेल. आठ दिवसांत तिसरा भाग घराघरांत पोचला, आणि दिनेश मात्र दुकानात बसून प्रत्येकाला तेच सांगत राहिला.

रंजीता मालिका फार पाहत नसे. पण अंगणवाडीच्या सत्यशीलाबाई तिला म्हणाल्या, "तुह्या नवऱ्यानं याच्यात एवढं काय पाह्यलं बाई? आम्हाले तर काही वाईट दिसलं नाई. ये, तूच पाहून सांग." दुपारी पोरं खिचडी खाऊन गेल्यावर दोघींनी अंगणवाडीतच तो भाग लावला. हे दिनेशला नंतर कळलं.

त्या दिवशी रंजीता घरी आली आणि रोजच्यासारखा स्वयंपाक केला. त्याला वाढलं. तो भाग घराघरांत पोचूनही तिनं काही विचारलं नाही, म्हणून दिनेशला वाटलं, सुटलो.

पुढच्या बाजाराला दुकानासमोर पाचसहा माणसं उभी होती. त्यांत सासुरवाडीचे दादाजी होते, कार्ड चिमटीत धरून.

"जवाई, ते वाघवालं भरून द्या. सगळे पाहून राह्यले, आम्हीच राह्यलो."

"नका पाहू दादाजी. तुमचा टाइम जाईल. फालतू आहे."

"फालतू नाई ते." आवाज मागून आला. रंजीता दुकानावर कधी येत नसे. ती माणसांतून वाट काढत पुढे आली आणि काउंटरवर तिनं एक कार्ड ठेवलं. "याच्यात आहे. सत्यशीलाबाईचं आहे. त्यायले भरून द्या."

"रंजीता, घरी बोलू."

"घरी काय बोलाचं? घरी दोन साल बोलले ना तुम्ही." ती दादाजींकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "दादाजी, त्या फोटोत झाडाले टेकून बसला तो हा. माहा नवरा. खाली तारीख सुकलू गेला त्याच दिवसाची आहे. हा म्हणते, मी हाक देली. कानात वायर घालून कोण हाक देते जी? हाक सुकलूनं देली. यानं ओ नाई देली, म्हणून तो टोपली टाकून याले पाहाले निघाला. तुमचं झाड मधात आहे. माहा भाऊ तुमचे मोह उचलाले नोता आला."

नूर मोहम्मद आपल्या दारात कापडाची घडी हातात धरून उभा होता, आणि आपण किती हसलो होतो हे आठवून त्यानं मान वळवली. दिनेशला वाटलं, आता कुणीतरी शिवी द्यावी, कॉलर धरावी. गर्दीत मार खाल्लेल्या माणसाला निदान पळून तरी जाता येतं.

दोन वर्षांत दादाजींनी सुकलूच्या आईच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. आता त्यांनी आपलं कार्ड काउंटरवर पुढे सरकवलं.

"भरा," ते म्हणाले. "गावाले दाखवाचं आहे. सुकलूच्या मायेले पयले."

दिनेशनं कार्ड घेतलं आणि कॉपी करायला लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. ती पुरी होईपर्यंत रंजीता तिथेच उभी होती. कार्ड दादाजींच्या हातात पडल्यावर ती त्यांच्याबरोबरच निघाली, माहेरच्या वाटेला, आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मग दुसऱ्यानं कार्ड पुढे केलं. मग तिसऱ्यानं. कुणी मालिकेचं नाव घेतलं नाही, कुणी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, नुसती कार्डं पुढे येत राहिली. दिनेश एकेक लावत होता, काढत होता, देत होता.

दुपारी एक माणूस आला, लांबच्या गावचा, सकाळचं काहीच न ऐकलेला. रांग पाहून त्यालाही ती मालिका हवीशी झाली. कार्ड देता देता त्यानं नेहमीसारखं विचारलं, "कशी आहे जी, भाऊ? पाहण्यासारखी आहे का?"

मागची माणसं थांबली. दिनेशनं मान वर केली नाही.

"चांगली आहे," तो म्हणाला. "खरी आहे."