दुसऱ्या पानावरची पट्टी

फोन वाजला तेव्हा कंपाउंडर दुसऱ्या पानाच्या मध्यावर होते. हात काढला तर सकाळपासूनचं सगळं मुसळ केरात, म्हणून त्यांनी फोन वाजू दिला. पण तो पुन्हा वाजू लागला, चौथं बोट नको तिथे पडलं आणि मग उठण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

"बाबा, किती वेळ करतेय फोन. कुठे होता?"

"घरातच. पियानोवर."

"अजून तेच? शनिवारी माणसं पियानो न्यायला येणार आहेत हो. शाळेने हॉलमध्ये जागासुद्धा करून ठेवली. तुमची बॅग भरून झाली का?"

"भरतो."

"भरतो म्हणजे नाही भरली."

"तुझी आई अशीच पकडायची मला."

मुलगी म्हणाली, "आमच्याकडे जागा असती ना, तर आणला असता बाबा."

"माहीत आहे गं. तू नको जिवाला लावून घेऊ."

तिची काही चूक नव्हती. बायको गेल्यापासून कंपाउंडर एकटेच राहत होते आणि एकट्या माणसाचं जे व्हायचं ते त्यांचंही झालं होतं. दुपारचं जेवण संध्याकाळी, संध्याकाळचं कधी कधी नाहीच. आता ते मुलीकडे जाणार होते आणि पियानो शाळेत. त्याआधी त्यांना एकच गोष्ट करायची होती. बायको मुलांना शिकवायची ती दोन पानांची रचना, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, एकही चूक न करता एकदा वाजवायची. कुणाला ऐकवायची नव्हती. जिने ऐकावं असं वाटत होतं ती गेली होती.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली बाई म्हणायची. बाहेरच्या खोलीत ती मुलांना शिकवायची आणि आतल्या खोलीत कंपाउंडर दवाखान्यातून येऊन चहा घेत बसायचे. मधली भिंत नावालाच होती. मूल चुकलं की बाई फक्त "पुन्हा" म्हणायच्या, न रागावता. बरोबर वाजवलं की काहीच म्हणायच्या नाहीत, नुसतं पान उलटायच्या. शाबासकी म्हणून तेवढंच.

"अहो, तुम्ही पण बसा की एकदा," त्या म्हणायच्या. "इतकं ऐकलंय तुम्ही. आमचे कानसेन आहात."

"आमच्या धंद्यात 'पुन्हा' नसतं बाई," कंपाउंडर म्हणायचे. "चुकीची गोळी दिली की दिली. रिटायर झालो की बसतो."

ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. बसायचं राहून गेलं. हे आठवलं की कंपाउंडरांना आजही स्वतःचा राग येई.

डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला ती स्वरलिपी मात्र काही केल्या वाचता येईना. पुस्तक समोर उघडं असे, पण ते शोभेला. ते वाजवत होते कानाच्या भरवशावर. पद्धत मात्र बाईंचीच होती. चुकायचं नाही, त्यापेक्षा हळू वाजवायचं. बोटाला चूक एकदा आवडली की ते तिच्याच घरी जातं. अडलं तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, अडलं त्याच्या जरा आधीपासून घ्यायचं. दुसऱ्या पानावर बाईंनी पेन्सिलीने गोल केला होता. कुठलंही मूल तिथे अडखळायचं, एवढं कंपाउंडरांना ठाऊक होतं, म्हणून तिथे ते श्वास रोखून, अगदी जपून बोट टाकायचे.

पियानो जुळवणारे गृहस्थ गुरुवारी आले. हलवण्याआधी सगळं ठीक आहे ना, ते बघायला. बाईंच्या वेळेपासून तेच यायचे. त्यांनी तारा तपासल्या, झाकण पुसलं आणि म्हणाले, "तुम्ही वाजवता म्हणे?"

"वाजवतो कसला. बोटं फिरवतो."

"फिरवा की मग. मलाही ऐकू द्या."

कंपाउंडर बसले. दुसऱ्याचा कान समोर असल्यामुळे असेल, पण त्या दिवशी बोटं शहाण्यासारखी चालली. गोलाची जागा आली आणि गेली. शेवटचा सूर विरेपर्यंत एकही चूक झाली नाही. कंपाउंडरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

जुळवणाऱ्यांनी टोपी हातात फिरवली. "फार छान. एक सांगू का? सांगू नये खरं तर."

"सांगा."

"हा गोल आहे ना, इथे काळी पट्टी आहे. तुम्ही पांढरी घेतलीत. पहिल्या पानावर हीच ओळ पांढरीवर जाते. दुसऱ्या वेळी बदलते, त्यातच तर गंमत आहे. सगळे इथेच फसतात."

"पण मी इतकी वर्षं पांढरीच ऐकली," कंपाउंडर म्हणाले. "प्रत्येक मूल पांढरीच..."

आणि मग त्यांना उमगलं. मुलं महिनोन्‌महिने पांढरी दाबायची. पुन्हा, पुन्हा. ज्या दिवशी एखाद्याचं बोट काळीवर पडायचं, त्या दिवशी बाई पान उलटायच्या आणि पुढची रचना सुरू व्हायची. चूक भिंतीतून रोज आत यायची. बरोबर सूर एकदाच येऊन निघून जायचा. कानसेनाने सगळ्या गल्लीच्या चुका तोंडपाठ केल्या होत्या.

"राहू द्या हो," जुळवणारे म्हणाले. "घरात कोण बघतंय?"

"तेच तर," कंपाउंडर म्हणाले.

शुक्रवारी बॅग भरायची राहिली. काळी पट्टी त्यांना आवडेना. अंधारात एक पायरी कमी निघावी, तसं तिथे बोट खाली जायचं. परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. पांढरी दाबली की मात्र बाहेरची खोली भरायची, दप्तरं, चपला, नाक ओढणारी मुलं आणि तिचा तो शब्द. एकदा त्यांनी मुद्दामच पांढरी दाबली आणि हात तसाच ठेवून बसले. मग त्यांना स्वतःची लाज वाटली. तिने आयुष्यभर जी चूक खोडली, तिलाच आपण घट्ट धरून बसलो होतो. जरा आधीपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

शनिवारी सकाळी ते दाढी करून, चांगला शर्ट घालून बसले. शेजारी बाईंची खुर्ची होती तशीच होती. पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानावर पोचतात तोच दाराची घंटा वाजली. कंपाउंडरांनी हात काढला नाही. घंटा परत वाजली, बाहेर जड बूट वाजले, कुणीतरी "आहे का कुणी घरात?" म्हणून विचारलं. बोट गोलापाशी आलं, जरा थांबलं आणि काळीवर पडलं. मग शेवटपर्यंत कुठेही अडलं नाही.

सूर विरला. कंपाउंडर खुर्चीकडे कान देऊन बसून राहिले. खुर्ची काही बोलली नाही.

म्हणजे बरोबर होतं. त्यांनी हात लांब करून पान उलटलं आणि दार उघडायला उठले.